बोदलकसा: ३१ मेच्या आत नाला आणि वाट मोकळी करा

हा इशारा तिरोडा तालुक्यातल्या बोदलकसा तलावाभोवती जमीन घेतलेल्या, घेऊ पाहणाऱ्या, विकणाऱ्या, मोजून देणाऱ्या आणि परवानगीच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. तलावात येणाऱ्या किंवा तलावातून निघणाऱ्या नाल्यात ज्याने मुरूम टाकला असेल, पाण्याकडे किंवा जंगलाकडे जाणारी वहिवाटीची वाट ज्याने तारेने अडवली असेल, बांधकाम परवानगीवाचून ज्याने जोते उचलले असेल, त्याने येत्या ३१ मेपर्यंत ते स्वतःच्या खर्चाने काढावे. १ जूनला तक्रारी दाखल होतील. ज्याचे कागद सरळ आहेत आणि ज्याच्या कुंपणाने कोणाचा पाय किंवा पाणी अडलेले नाही, त्याने हे वाचून निर्धास्त राहावे.

३१ मे ही तारीख उगाच धरलेली नाही. नंतर आठवडाभरात मृग लागतो. नाला बुजलेला असेल तर पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी खालच्या बांध्यांत शिरते आणि धानाची पऱ्हे वाहून जातात. दुसरे कारण कायद्यातले आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली पाण्याचा नैसर्गिक प्रवाह किंवा वहिवाटीचा रस्ता अडवल्याचा दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. धान निघाल्यावर, डिसेंबरात टाकलेल्या कुंपणाची ही मुदत जूनमध्ये संपते. कुंपण घालणाऱ्याला हे ठाऊक असते. पावसाळाभर "बघू, बसू, बोलू" म्हणत दिवस काढायचे आणि मुदत उलटली की कायद्याकडे बोट दाखवायचे, ही चाल आम्ही चालू देणार नाही. बोलणी करायची असतील तर ती ३१ मेच्या आत करा.

बोदलकशाचा मातीचा बांध १९१७ चा आणि शेजारच्या चोरखमाऱ्याचा १९२३ चा. शंभर वर्षांहून अधिक काळ या पाण्यावर खालच्या गावांचा धान उभा राहिला आहे. तलावाच्या पाठीशी नागझिऱ्याचे जंगल आहे. ते १९७० मध्ये अभयारण्य झाले आणि डिसेंबर २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तलाव सुंदर आहे, शासनाच्या पर्यटन महामंडळाचे निवासस्थान काठावर आहे, गोंदिया आणि नागपूरची माणसे सुट्टीला येतात. ती यावीत. पण पाहुणे वाढतात तसे दलालही येतात, आणि "लेक व्ह्यू", "जंगल टच" अशी नावे दिलेले प्लॉट मोबाईलवर फिरू लागतात.

दलालांची पहिली थाप अशी असते की गावठाणापासून २०० मीटरच्या आत जमीन आहे, आता अकृषक परवानगी लागत नाही, बिनधास्त बांधा. यात अर्धे खरे आहे, म्हणूनच ते धोक्याचे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ४२-ड आले तेव्हापासून गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला ठराविक रक्कम भरल्यावर निवासी वापरासाठी वेगळी अकृषक परवानगी घ्यावी लागत नाही, आणि त्यानंतरही सरकारने हे नियम सैल करत आणले. बांधकामाची परवानगी मात्र कोणीही रद्द केलेली नाही. गावठाणाबाहेर सरपंचाचा ना-हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवाना नव्हे. परवानगीवाचून बांधणाऱ्याला प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ५२ खाली किमान एक महिना आणि कमाल तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात शेतघर बांधता येते. ते बैल, अवजारे आणि धान ठेवायला असते. शेतघर म्हणून भिंती उभारायच्या आणि मग खोल्या भाड्याने लावायच्या, याला कायद्यात शेतघर म्हणत नाहीत.

दुसरी थाप जास्त शिकलेली आहे. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम पाटबंधाऱ्याच्या तलावाला लागू होत नाहीत, तेव्हा काठापासून अमुक मीटर सोडण्याचा प्रश्नच येत नाही, असे सांगितले जाते. त्या नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत, हे बरोबर आहे. माझ्या मते ते वगळणे चूक होते, कारण पूर्व विदर्भातले पक्षी, मासे आणि माणसे तलाव कोणी कशासाठी बांधला हे विचारून येत नाहीत. पण म्हणून बोदलकसा मोकळे रान ठरत नाही. तलावाचे पाणी, त्याखालची शासनाची जमीन, बांध, सांडवा आणि कालवे पाटबंधारे खात्याच्या ताब्यात आहेत. उन्हाळ्यात पाणी हटल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन खाते देते ती एका हंगामाच्या पिकापुरती. तिच्यावर सिमेंटचा ओटा किंवा शोभेचा धक्का बांधण्याचा हक्क कोणालाच मिळत नाही. आणि जमीन महसूल संहितेचे कलम २० सांगते की रस्ते, पायवाटा, नद्या, नाले, तलाव आणि वाहते-साचलेले पाणी, जे कोणाच्या खाजगी मालकीचे सिद्ध होत नाही ते, शासनाचे आहे. नाला तुमच्या दोन प्लॉटांच्या मधून जातो म्हणून तो तुमचा होत नाही.

सांडव्याबद्दल सर्वांत कठोर बोलायला हवे. आपल्याकडे जुनी माणसे त्याला सलांग म्हणतात आणि पाणी सोडण्याच्या तोंडाला तुडूम. कोहळी पाणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला साधा नियम असा, की पाळ कितीही भक्कम असो, सलांगेपुढची वाट मोकळी नसेल तर तलाव राहत नाही. हा नियम मोडला की काय होते ते नागपूरने २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाहिले. काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, माणसे दगावली, हजारो घरांतले सामान गेले. सांडव्याच्या अगदी समोर उभारलेल्या स्मारकावरून पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात पूरग्रस्तांना दाद मागावी लागली. अंबाझरीही मातीचा तलाव आहे, बोदलकशाहून जुना. तिथे महापालिका होती, अभियंते होते, नकाशे होते. इथे पाळीखाली नुसता धान आणि मातीची घरे आहेत. म्हणून सांडव्यापुढच्या नाल्यात एक ट्रॉली मुरूमही आम्ही खपवून घेणार नाही.

आता वाटांविषयी. जंगलाकडे आणि तलावाकडे जाणाऱ्या वाटा आहेत. एप्रिलमध्ये पहाटे मोहफूल वेचायला याच वाटेने बाया जातात, मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पुडके डोक्यावर घेऊन माणसे येतात, ढिवर बांधव जाळी घेऊन पाण्यावर उतरतात, गुरे चरायला जातात. मालगुजारी १९५१ साली गेली, पण गावाचे हक्क गेले नाहीत. ते निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये लिहून ठेवलेले आहेत आणि जमीन महसूल संहितेने ते चालू ठेवले आहेत. खरेदीखतात वाट लिहिलेली नाही, हे कारण चालणार नाही. तुम्ही जमीन घेतलीत ती या हक्कांसकट घेतलीत. तिरोड्याच्या तहसील कार्यालयात ही दोन्ही पत्रके मागून पाहा, नकाशावर पांदण कुठे आहे ते पाहा, आणि मग कुंपणाचे खांब रोवा. शेताच्या बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार कलम १४३ खाली तहसीलदारांना आहे. तो आम्ही वापरायला लावू.

या वाटांवरून माणसांखेरीज आणखी कोणी चालते. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून शासनाने नागझिऱ्यात सोडल्या, पुढच्या वर्षी तिसरी आणली. एकीकडे वाघ वसवायचा आणि दुसरीकडे त्याच्या दारात विजेचे दिवे, डीजे आणि काटेरी तार येऊ द्यायची, हे चालणार नाही. व्याघ्र प्रकल्पांना जोडणारा पट्टा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३८-ओ ने राखला आहे. सार्वजनिक हित, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता आणि व्याघ्र प्राधिकरणाचा सल्ला यांवाचून तो जंगलाला मारक अशा वापरासाठी वळवता येत नाही.

सातबारा उताऱ्यावर "झुडपी जंगल" असे दोन शब्द दिसले, तर सौदा तिथेच थांबवा. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विदर्भातली झुडपी जंगलाची सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वन म्हणूनच धरली जाईल असा निकाल दिला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली असे सहा जिल्हे त्यात आहेत. वन (संवर्धन) कायदा लागू झाला त्या २५ ऑक्टोबर १९८० नंतर व्यापारी कामासाठी झालेली वाटपे अतिक्रमण मानावीत, आणि ती हटवण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कृती दल नेमून दोन वर्षांत काम संपवावे, असेही न्यायालयाने बजावले. त्या दलात महसूल, पोलीस, वन आणि भूमी अभिलेख, चारही खाती आहेत. तेव्हा तलाठ्याने फेरफार केला, बँकेने कर्ज दिले, वीज जोडली गेली, या कशानेही ती जमीन तुमची होत नाही.

आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकारी आणि शासन यांच्या पूर्वपरवानगीवाचून बिगर आदिवासीला विकता येत नाही, हे कलम ३६-अ सगळ्यांना पाठ आहे. तरी मुखत्यारपत्र, इसार आणि लांबलचक भाडेकराराच्या आडवाटा काढल्या जातात. जे शेतकरी नाहीत त्यांना विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळकायद्याचे कलम ८९ आडवे येते. दोन्ही ठिकाणी पैसे गेलेला माणूस रिकाम्या हाताने परततो.

हे ऐकून ज्यांना वाटत असेल की कोर्टकचेरी वर्षानुवर्षे चालते, तोवर घर बांधून होईल, त्यांनी इंद्रायणीकडे पाहावे. पिंपरी-चिंचवडमध्ये चिखली इथे निळ्या पूररेषेच्या आत ३६ बंगले बांधले गेले. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, तिच्या आत बांधकाम नाहीच. हरित न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये ते पाडायला सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले आणि १७ मे २०२५ रोजी महापालिकेने ३६ च्या ३६ बंगले जमीनदोस्त केले. वर पर्यावरणाच्या नुकसानीपोटी पाच कोटी रुपयांची भरपाई. त्यात आयुष्यभराची कमाई घातलेली साधी माणसेही होती. प्लॉट विकणाऱ्याने त्यांना पूररेषा दाखवली नव्हती. बोदलकशात प्लॉट पाहायला येणाऱ्या शिक्षकांनो, नोकरदारांनो, निवृत्तीचे पैसे गुंतवायला निघालेल्यांनो, पूर्ण संचय पातळीची खूण कुठे आहे ते पाटबंधारे खात्याकडून लेखी घेतल्याशिवाय इसार देऊ नका.

नोटिशीवर वेळ काढण्याचा मार्गही बंद आहे. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केली, ती योग्यच आहे. पण रस्ता, पदपथ, नदी आणि जलाशय अशा सार्वजनिक जागांवरच्या अनधिकृत बांधकामाला ते संरक्षण नाही, असे त्याच निकालात स्पष्ट लिहिले आहे.

महसूल, वन आणि पाटबंधारे खात्यांच्या अधिकाऱ्यांना वेगळे सांगतो. जगपाल सिंग प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनी आणि तळी मोकळी करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. फार वर्षांचा कब्जा किंवा मोठा खर्च हे अतिक्रमण नियमित करण्याचे कारण होऊ शकत नाही, असेही बजावले. आमचे अर्ज येतील तेव्हा पोच द्या. २००५ च्या विलंब प्रतिबंध कायद्याने कोणतीही फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहू शकत नाही. आठव्या दिवशी आम्ही विचारायला येऊ.

आणि आपल्याच गावांतल्या माणसांना: हा इशारा वनहक्काचा दावा असलेल्या, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसणाऱ्या कुटुंबांविरुद्ध नाही. त्यांच्या नावाखाली कोणी रिसॉर्टचा रस्ता काढत असेल तर मात्र नाव देऊन उभे राहू नका. दोन लाखांच्या इसारासाठी नाल्यात माती पडू दिली, तर भरपाई मागायला खालच्या बांधीतला भाऊच दारात येईल.

३१ मेपर्यंत ग्रामपंचायतीत येऊन सातबारा, मोजणीचा नकाशा आणि बांधकाम परवाना दाखवावा. कागद बरोबर असतील तर ग्रामसभेच्या नोंदवहीत तशी नोंद होईल. कागद नसतील तर कुंपण आणि भराव काढण्याची तारीख लिहून द्यावी आणि ती पाळावी. जो येणार नाही त्याच्या गट क्रमांकाचा अर्ज १ जूनला तहसीलदारांच्या टेबलावर असेल, त्याची प्रत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आणि उपवनसंरक्षकांकडे जाईल. महिनाभरात हालचाल झाली नाही, तर पुढचा कागद पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात आणि नागपूर खंडपीठात दाखल होईल, आणि त्यात प्रतिवादी म्हणून जमीनमालकाबरोबर परवानगी देणाऱ्याचे पदही लिहिलेले असेल.