रॉटरडॅमचा पोरगा केप व्हर्डेचा कसा?

फुटबॉलमध्ये बाहेर जन्मलेला खेळाडू आईवडलांच्या देशाकडून खेळला की लगेच "भाड्याची माणसं" म्हणणारे भेटतात. केप व्हर्डेबद्दलही हेच ऐकलं. माझा भाचा तर म्हणाला, "मावशी, ही हॉलंडची बी टीम आहे." मला हे अजिबात पटत नाही.

आधी देश किती ते बघा. अटलांटिकमधली दहा बेटं, वस्ती सुमारे सव्वापाच लाख, म्हणजे आमच्या गोव्याच्या निम्म्याहूनही कमी. पोर्तुगीज अंमल आमच्यासारखाच. आम्ही १९६१ ला सुटलो, ते ५ जुलै १९७५ ला. पाऊस बेभरवशाचा, दुष्काळात माणसं अक्षरशः उपाशी मेली. मग मिळेल त्या बोटीवर चढून लोक लिस्बन, रॉटरडॅम, अमेरिका असे पांगले. आमचे तारवटी मुंबईहून बोटीवर चढायचे, तसंच. आज बेटांवर आहेत त्याहून जास्त केप व्हर्डेवाले बाहेर आहेत.

१३ ऑक्टोबर २०२५ ला प्रायामध्ये त्यांनी एस्वातिनीला ३-० हरवलं आणि पहिल्यांदाच वर्ल्ड कप गाठला. हाफटाइमला ०-० होतं. पहिला गोल लिव्रामेंतोचा, जन्म रॉटरडॅम. दुसरा सेमेदोचा, जन्म फ्रान्स. तिसरा स्टोपिराचा, वय ३७, जन्म प्राया. आता यातला कुठला गोल खरा नि कुठला भाड्याचा, ते सांगा.

आणि एक गंमत. नानी प्रायात जन्मला आणि पोर्तुगालकडून खेळला. स्वीडनच्या लार्सनचे वडील केप व्हर्डेचे. तेव्हा कुणी "उसना खेळाडू" म्हणालं नाही! लहान घरातला मोठ्या घरी गेला तर कौतुक, परत आला की कागदपत्रं दाखव.

बेटावरच राहून, धुळीच्या मैदानात खेळून मोठ्या झालेल्या पोराची जागा बाहेरचा घेतो, ही तक्रार मात्र मला खरी वाटते. तिला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण गोलकीपर वोझिन्या मिंदेलोचाच आहे, नि स्टोपिराचं वर सांगितलंच.

सगळ्यात आवडली ती रॉबर्टो लोपेसची गोष्ट. (लोपेस म्हटल्यावर गोंयकाराला आपलाच कुणी वाटणार!) जन्म डब्लिनचा, आई आयरिश, वडील केप व्हर्डेचे. तेव्हाच्या कोचने त्याला लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये मेसेज केला. याला पोर्तुगीज येत नाही, वाटलं फालतू काहीतरी, दिला सोडून. काही महिन्यांनी कोचने पुन्हा लिहिलं, या वेळी इंग्रजीत. तेव्हा कुठे यानं पहिला मेसेज भाषांतर करून वाचला आणि तडक हो म्हटलं.

मंडळी, कोचने दुसऱ्यांदा लिहिलं नसतं तर? आपल्यात असं कोण लिहितं? पुण्यातल्या एका लग्नात एका बाईंनी मला विचारलं, "गोव्याच्या असून मराठी इतकं छान कसं?" मला राग आला. पण आपणही तेच करतो. इंदूरच्या मराठीत हिंदी, बडोद्याच्यात गुजराती, बेळगावच्यात कानडी हेल, म्हणून हसतो. मग बंगलोरला वाढलेली, कॅनडात जन्मलेली आपलीच मुलं कार्यक्रमाला येत नाहीत म्हणून गळे काढतो. त्यांना निमंत्रण जातं ते "सस्नेह निमंत्रण, सहकुटुंब सहपरिवार" असं, एकदाच, आजीच्या व्हॉट्सॲपवर.

या चवथीला आमच्या आरत्या रोमन लिपीतही छापाव्यात असं मी सुचवलं. दोघा काकांनी "मग देवनागरी संपलीच" म्हणून विषय बंद केला. मी पुढच्या बैठकीत तो परत काढणार आहे. तुमच्याकडे असं कुणी केलं असेल तर खाली लिहा, काकांना दाखवायला उपयोगी पडेल.