पवनेकाठचे तंबू

डिसेंबर लागला की तुंग-तिकोना किल्ल्यांच्या पायथ्याशी, पवना धरणाच्या काठाने तंबूंची रांग लागते: शेकोटी, कानटोपीतली पोरं आणि मध्यरात्रीपर्यंत डीजे. हेच पाणी पिंपरी-चिंचवड पितं. म्हणून काठावर शौचखड्डा नको, हा काही शहरी नखरा नव्हे. ‘स्थानिकांच्या पोटावर पाय का?’ हा सवाल मात्र रास्त आहे. जमिनी धरणात गेल्या त्यांच्या. आणि याच पाण्याच्या बंद जलवाहिनीला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातल्या बऊरला पोलीस गोळीबारात तिघे गेले. त्या मावळाला शहाणपण शिकवताना जीभ आवरलेली बरी. पण घाणीशेजारी बिऱ्हाड घेऊन कोणी दुसऱ्यांदा येत नाही. मैलाटाकी काठापासून लांब, रात्री दहानंतर भोंगे बंद, हे ग्रामपंचायतींनीच ठरवावं आणि दंडही त्यांच्याच तिजोरीत जावा.