इनपुट कमी, आउटपुट फुल्ल!

मेसच्या भाजीला आपण रोज नावं ठेवतो, पण निदान पोटभर जेवतो तरी! युरोप-अमेरिकेत बॅले शिकणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या कित्येक मुली तेवढंही खात नाहीत. कारण? समोर आरसा आणि पायाखाली वजनाचा काटा.

आता तुम्ही म्हणाल, "इंजिनिअरला बॅलेचं काय घेणं-देणं?" अहो, प्रश्न शेवटी एनर्जी बॅलन्सचाच आहे! साधं गणित करू. मुलगी ५० किलोची. चरबी वगळून ४० किलो. सरावात ६०० कॅलरी जळतात असं धरू. दिवसभरात तिने १५०० खाल्ल्या, तर उरल्या ९००. म्हणजे किलोमागे फक्त साडेबावीस. क्रीडावैद्यकाच्या हिशेबाने साधारण ४५ हव्यात. ३० ही धोक्याची रेघ.

मग शरीर लोडशेडिंग सुरू करतं. हृदय, मेंदू यांचा पुरवठा चालू ठेवायचा म्हणून आधी मासिक पाळी बंद, मग हाडांची वाढ बंद. तीही नेमकी हाडं भरायच्या वयात! आणि याच मुलींनी पायाच्या बोटांवर अख्खा देह तोलायचा. १९८६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ७५ नर्तिकांचा अभ्यास छापून आला. पाळी उशिरा सुरू झालेल्यांत फ्रॅक्चर आणि पाठीच्या कण्याचा बाक जास्त आढळला. म्हणजे हे माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

तरीही २०१९ मध्ये व्हिएन्ना स्टेट ऑपेराच्या बॅले अकादमीची चौकशी झाली, तेव्हा काय बाहेर आलं? वजन वाढू नये म्हणून विद्यार्थ्यांना सिगारेट ओढायचा सल्ला दिला जात होता! याला शिस्त म्हणायचं?

"नर्तिका हलकी नसेल तर जोडीदार तिला उचलणार कसा?" असा युक्तिवाद होतो. पण उडी मारायला, तोल सांभाळायला स्नायू लागतात आणि स्नायू उपाशीपोटी बनत नाहीत.

'मुलींनी नीट खावं' एवढा उपदेश करून भागणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. काटा शिक्षकांच्या हातून काढून डॉक्टरांकडे द्या. पाळी थांबलेल्या मुलीची आधी तपासणी करा, मगच तिला स्टेजवर पाठवा. पूल नाजूक दिसावा म्हणून कुणी सळ्या कमी टाकल्या आणि तो खचला, तर जाब आपण पुलाला विचारत नाही. डिझाइन करणाऱ्याला विचारतो!