सूट कुणाला, सोय कुणाला

मोठं सुपरमार्केट आलं की गिऱ्हाइकाची लूट थांबेल, किराणा दुकानं बंद पडली तरी हरकत नाही, असं आता उंब्रजमध्येही बोललं जातं. हे मला मान्य नाही.

या बाजूचं जे खरं आहे ते आधी कबूल करतो. तिथं भाव लिहिलेला असतो, वजन चोख असतं, पावती मिळते. माणूस बघून तूरडाळीचा भाव सांगणाऱ्या दुकानदाराला मी पाठीशी घालणार नाही. पण स्वस्ताईचा हिशेब नीट करा. छापील किंमत कंपनीच ठरवते आणि ती कमाल मर्यादा असते. त्यावरच्या सुटीनं माल स्वस्त पडलाच असं नाही. शिवाय सूट बहुधा मोठ्या पिशवीवर असते, आणि तिला रोकड लागते.

खरी गोम रोकडीतच आहे. तारळे, चाफळ, मसूर या भागातली कितीतरी घरं उसावर नाहीतर मजुरीवर चालतात. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. पण बिल लांबलं म्हणून चूल थांबत नाही. तेव्हा किराणावाला वही उघडतो: अर्धा किलो तेल, दोन किलो साखर, चहापूड, निरमा. मजुरी झाली की बाई त्यातले दोनशे देते, बाकी पुढच्या पानावर ओढली जाते. ही पत बारकोड वाचणारं यंत्र देत नाही.

मग सगळं आहे तसंच चालू द्यायचं का? मुळीच नाही. मुंबईत 1948 साली अपना बाजार सुरू झाला, मुंबई ग्राहक पंचायतीनं 1975 पासून घरांचे गट करून एकत्र खरेदी केली, आणि इकडे तात्यासाहेब कोरे यांच्या वारणेच्या सहकारातून वारणा बझार उभा राहिला. घाऊक खरेदी एकत्र केली की भाव उतरतो, हे यातून सिद्ध झालंय. उंब्रजच्या दुकानदारांनी तेच करावं, विकास सोसायट्यांनी पुढाकार घ्यावा. 2023 च्या आदर्श उपविधींनी त्यांना पंचवीसहून अधिक व्यवसायांची वाट मोकळी केली आहे. मात्र दुकानदारांनी रोजचा भाव फळ्यावर लिहावा, उधारीचा भाव आणि रोखीचा भाव एकच ठेवावा, आणि वहीची दुसरी प्रत गिऱ्हाइकाच्या हातात द्यावी.