सुईही तपासा, कढईही

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
मुंबई

विषय : वजन घटवणारी इंजेक्शनं आणि तरुणांचं खाणंपिणं

महोदय,

मार्च 2025 मध्ये माउंजारो हे वजन घटवणारं इंजेक्शन भारतात आलं, त्यामागून जूनमध्ये वेगोव्ही. मार्च 2026 मध्ये वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडचं इथलं पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांना स्वस्त पर्याय आणायची वाट मोकळी झाली. माउंजारो आलं तेव्हा 2.5 मिलिग्रॅमची कुपी 3,500 रुपयांना होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला 14,000. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींना अशा औषधांपासून लांब ठेवलं ते मुख्यतः या किमतीनं. आता तो अडसर निघतो आहे. त्याच्या जागी आपली देखरेख उभी राहणार का?

औषधात दम आहे, हे आधी मान्य करायला हवं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेप 1’ चाचणीत 1,961 जण होते. 68 आठवड्यांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन सरासरी 14.9 टक्के उतरलं, औषध नसलेली सुई टोचून घेणाऱ्यांचं 2.4 टक्के. भूक लागणं, पोट भरल्याचं कळणं यामागे हार्मोन असतात आणि हे औषध तिथेच काम करतं. त्यामुळे ते घेणाऱ्याला आळशी ठरवणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

पण त्याच चाचणीतला एक तपशील जाहिरातबाजीत गळून पडतो. दोन्ही गटांना रोज 500 कॅलरी कमी खायला आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम करायला सांगितलं होतं. म्हणजे ‘इंजेक्शन की व्यायाम’ असा सामना तिथे झालाच नाही. इंजेक्शन होतं ते व्यायामाच्या जोडीला. शिवाय औषध थांबल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. साठीतल्या मधुमेह्यानं वर्षानुवर्षं सुई घ्यायची आणि चोविशीतल्या मुलीनं घ्यायची, यात म्हणूनच फरक आहे.

तरुणांच्या बाबतीत आणखीही पेच आहेत. गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिर्झेपटाइडमुळे, म्हणजे माउंजारोमुळे, गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो. काउंटरवर इंजेक्शनचं पेन हातात ठेवणारा दुकानदार हे सांगणार आहे का? वजन घटताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि आपल्याकडे स्नायूंची शिल्लक मुळातच बेताची. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली होती. दोघांचा बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. अशा शरीरांना वजनकाट्याइतकीच ताकदीच्या व्यायामाची आणि डाळी-उसळींची गरज आहे.

राहणीमान बदलण्याला आपल्या मातीतला पुरावाही आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांवर चेन्नईच्या डॉक्टरांनी केलेल्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार आणि चालण्यामुळे मधुमेहाची शक्यता 28.5 टक्क्यांनी घटली. मेटफॉर्मिनच्या गोळीनं साधलं तेही जवळपास तेवढंच.

मग तरुण चालत का नाहीत? हैदराबादमध्ये 345 आयटी कर्मचारी तपासले, तर 84 टक्क्यांच्या यकृतात चरबी साचलेली निघाली; हा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. या मंडळींना चालण्याचे फायदे ठाऊक नव्हते, असं कुणी म्हणेल का? बारा-बारा तास खुर्चीत बसायचं, रात्रपाळी करायची, भूक लागली की खाली मिळेल ते खायचं. तिथे निव्वळ निग्रहाचे धडे पुरत नाहीत. महाविद्यालयांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हटवा, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं 2016 मध्ये सांगितलं आणि 2018 मध्ये पुन्हा बजावलं. दोनदा सांगावं लागलं, यातच काय ते आलं.

महोदय, औषध निरीक्षक आपले आणि अन्न सुरक्षा अधिकारीही आपलेच. म्हणून मागण्या दोन्हीकडच्या आहेत.

या इंजेक्शनांची बिलं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जुळतात का, हे मेडिकल दुकानांत आणि ऑनलाइन विक्रीत तपासावं. पेन 2 ते 8 अंश तापमानात ठेवले जातात का, तेही पाहावं. लठ्ठपणावर औषधाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्यानं मनाई आहे. ‘लग्नाआधी दहा किलो कमी’ म्हणणारी स्लिमिंग सेंटर त्या कक्षेत आणावीत.

आता कढई. तळणाच्या तेलात ते पुन्हापुन्हा तापवल्यानं वाढणारी ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही, हा 2018 पासूनचा नियम. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी मेनूवर कॅलरी छापायच्या, हाही नियमच. दोन्ही महाविद्यालयांच्या आसपास पाळले जातात का?

पुण्यात किंवा मुंबईत एखादा महाविद्यालयीन परिसर निवडून आपल्या दोन्ही शाखांनी तिथे एकत्र तपासणी करावी. किती बिलांना चिठ्ठी नव्हती आणि किती कढयांतलं तेल बाद ठरलं, हे आकडे संकेतस्थळावर टाकावेत आणि सहा महिन्यांनी त्याच ठिकाणी पुन्हा जावं.

कळावे,
राज्यातील एक नागरिक