माहेरघरातली रिकामी खाट

पावसाळा लागला की वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास येते. बाजेला दोऱ्या बांधलेल्या, बांबू खांद्यावर घेतलेली चार माणसे, गुडघाभर पाणी आणि बाजेवर कळा सोसणारी बाई. गावाचे नाव तेवढे बदलते. कधी ते भामरागडकडचे असते, कधी मेळघाटातले, कधी अक्राणीच्या डोंगरातले, तर कधी मोखाडा-जव्हारकडचे. दोन दिवस हळहळ व्यक्त होते, रस्त्याचा प्रश्न विधिमंडळात निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात तेच छायाचित्र नव्या चेहऱ्यांनिशी परत छापले जाते. रस्ता झाला पाहिजे, पूल झाला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण पूल होईपर्यंत त्या बाईने काय करायचे? या प्रश्नाला राज्य सरकारने शोधलेले एक साधे उत्तर आहे. त्याचे नाव माहेरघर.

राज्याच्या आरोग्य विभागाने २०१०-११च्या सुमारास आदिवासी भागात ही योजना सुरू केली. कल्पना अगदी सरळ आहे. ज्या गावांना बारमाही रस्ता नाही, जिथे रुग्णवाहिका दारापर्यंत पोहोचत नाही, तिथल्या गरोदर बाईने कळा सुरू होण्याची वाट पाहत घरी बसू नये. प्रसूतीच्या संभाव्य तारखेच्या चार-पाच दिवस आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातल्या खोलीत येऊन राहावे. सोबत एक नातेवाईक आणि लहान मूल आणण्याची मुभा आहे. जेवणाची सोय आहे, तपासणी रोज होते आणि प्रसूतिगृह शेजारच्याच इमारतीत असते. मराठी घरात पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते. त्या रिवाजातला आधार सरकारी खोलीला देण्याचा हा प्रयत्न आहे.

जगात हा विचार नवा नाही. क्युबाने १९६२ पासून अशी प्रसूतिपूर्व निवासगृहे उभारली. आफ्रिकेतल्या अनेक देशांत ती आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये या अनुभवांचा आढावा घेतला होता. रुग्णालय बाईपर्यंत नेता येत नसेल, तर बाईला वेळेआधी रुग्णालयाजवळ आणावे, एवढेच त्यामागचे सूत्र. पण या 'वेळेआधी' शब्दात जीव वाचवणारे शास्त्र आहे.

दर शंभर गरोदर स्त्रियांपैकी साधारण पंधराजणींना काही ना काही गंभीर गुंतागुंत होते. यांतल्या काहींचा धोका आधी ओळखता येतो. उंची कमी, आधीचे सिझेरियन, जुळे, वाढलेला रक्तदाब, तीव्र रक्तक्षय. परंतु उरलेल्यांचा धोका कोणत्याच तपासणीत दिसत नाही. नऊ महिने सगळे सुरळीत असलेल्या बाईलाही बाळ बाहेर आल्यावर रक्तस्राव होऊ शकतो. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त वाहत असते. वार पडल्यावर गर्भाशय घट्ट आवळले नाही, तर या रक्ताला अडवणारे काही उरत नाही. उपचार मिळाला नाही तर अशी बाई साधारण दोन तासांत दगावू शकते. बाळंतरोगाच्या झटक्यांना, अडलेल्या प्रसूतीला किंवा जंतुसंसर्गाला जीव घ्यायला एक-दोन दिवसांपासून आठवडाभराचा वेळ लागतो. रक्तस्राव मात्र एवढी सवलत देत नाही.

आता हे दोन तास नकाशावर मांडून पाहावेत. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भेटतात. पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचे ठिकाणच उर्वरित जिल्ह्यापासून तुटते. नाल्यापलीकडच्या पाड्यांची गोष्ट वेगळी सांगायला नको. नंदुरबारच्या नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना चालवावा लागतो, कारण तिथे जाण्याचा मार्ग पाण्यातूनच आहे. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. तिने असंख्य जीव वाचवले. पण उत्तम रुग्णवाहिकाही नाल्याच्या अलीकडेच थांबते. म्हणून अशा भागात रुग्णवाहिकेची गती वाढवून भागत नाही. बाईलाच नाल्याच्या अलीकडे आणून ठेवावे लागते, आणि तेही पूर येण्याच्या आधी.

महाराष्ट्राने माता आरोग्यात मोठी मजल मारली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. नमुना नोंदणी पाहणीनुसार २००४-०६ मध्ये राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे १३० मातांचे मृत्यू होत होते. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. देशाची सरासरी त्या वेळी ९७ होती आणि महाराष्ट्राच्या पुढे फक्त केरळ होते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या ९४.७ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्याचे दिसले. २००५ची जननी सुरक्षा योजना, २०११चा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम, गावोगावच्या आशा कार्यकर्त्या, रात्रंदिवस चालणारी प्राथमिक आरोग्य केंद्रे, या सर्वांचे हे फळ आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह सारे उपचार निःशुल्क झाले. तेही याच वाटेवरचे पाऊल.

पण सरासरी ही गोष्ट फसवी असते. शंभरातल्या उरलेल्या पाच प्रसूती राज्यभर समान विखुरलेल्या नसतात. त्या डोंगरात, जंगलात, नदीपलीकडे एकवटलेल्या असतात. ९५ टक्क्यांपर्यंत पोहोचायला लागलेले उपाय शेवटच्या पाच टक्क्यांसाठी पुरत नाहीत. तिथे माहेरघरासारखी, त्या जागेसाठीच बेतलेली योजना लागते. म्हणूनच तिथे एखादी खाट रिकामी राहते तेव्हा ती का राहिली, हे विचारणे महत्त्वाचे ठरते.

'लोक अडाणी आहेत, ऐकतच नाहीत', हे त्याचे नेहमीचे आणि आळशी उत्तर. खरी कारणे घरात डोकावल्यावर कळतात. जुलैत धानाची रोवणी असते. त्या दिवसांत घरातली एक बाई आठवडाभर गेली आणि सोबत दुसरी गेली, तर दोघींची मजुरी बुडते. घरी दोन लहान मुले असतात, कोंबड्या-शेळ्या असतात, म्हातारी सासू असते. सोबत एकच मूल न्यायची मुभा असेल तर दुसरे कोणाकडे ठेवायचे? मेळघाटातली बाई कोरकू बोलते, भामरागडची माडिया. आरोग्य केंद्रात तिची भाषा समजणारे कोणी नसेल, तर ते माहेर कसले? जेवणाच्या बिलाचे पैसे महिनोन्महिने अडकले, की स्वयंपाक करणारी गावातली बाई काम सोडते आणि चूल थंड पडते. खोलीला स्वच्छतागृह नसेल, रात्री दिवा नसेल, तर दिवस भरलेली बाई तिथे का राहील?

याहून अवघड एक अडचण वैद्यकीय आहे. चार-पाच दिवस आधी यायचे, तर तारीख ठाऊक हवी. शेवटची पाळी कधी आली, हे अनेकींना नीट सांगता येत नाही. पोट पाहून आठव्या-नवव्या महिन्यात काढलेल्या अंदाजात दोन-तीन आठवड्यांची चूक सहज होते. सोनोग्राफीही उशिरा केली तर तारीख तितकी नेमकी सांगू शकत नाही. पहिल्या तीन महिन्यांत केलेली मात्र सांगते. तारीख चुकली तर बाई लवकर येते, कंटाळते आणि परत जाते. किंवा उशीर होतो आणि बाज उचलावी लागते. म्हणजे नवव्या महिन्यातल्या माहेरघराचे यश तिसऱ्या महिन्यातल्या नोंदणीवर अवलंबून असते.

प्रसूतीतल्या मृत्यूंचा अभ्यास करणारे तीन विलंब सांगतात. मदत घ्यायची हे ठरवायला होणारा उशीर, रुग्णालयात पोहोचायला होणारा उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला होणारा उशीर. माहेरघर दुसऱ्या विलंबावर उपाय आहे. पहिला विलंब आशाताईच्या शब्दावर अवलंबून आहे, आणि त्या शब्दाला घरात किंमत असते ती तिच्यावर गावाचा विश्वास असतो म्हणून. मेळघाटात हा विश्वास भूमकाकडेही असतो. त्याला हिणवण्यापेक्षा त्यानेच बाईला वेळेत दवाखान्यात धाडावे, असे पाहणे शहाणपणाचे. तिसरा विलंब मात्र पूर्णपणे व्यवस्थेचा आहे. माहेरघरात वेळेवर आलेल्या बाईला रक्तस्राव झाला आणि ऑक्सिटोसिनची कुपी बंद पडलेल्या फ्रीजमध्ये निकामी झालेली असली, तर वेळेवर येण्याचा काय उपयोग? हे औषध दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. बाळ जन्मल्यावर मिनिटभरात त्याचे इंजेक्शन दिले, तर पुढचा बराच रक्तस्राव टळतो. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हवे. आणि सिझेरियनची वेळ आली तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त, ही तिन्ही एकाच वेळी हवीत. तिघांपैकी एक नसले तरी बाईला पुढच्या गावी पाठवले जाते आणि प्रवास पुन्हा सुरू होतो.

रक्ताचा प्रश्न तर आणखी मागे जातो. पाचव्या पाहणीनुसार राज्यातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. विदर्भाच्या आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची भर पडते. हिमोग्लोबिन बारा असलेली बाई जेवढा रक्तस्राव सोसते, तेवढा सहा असलेली बाई सोसू शकत नाही. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण मिळते. तो आहार, लोहाच्या गोळ्या आणि गरज पडल्यास आरोग्य केंद्रातच शिरेतून दिले जाणारे लोह, हे माहेरघराचेच आधीचे टप्पे समजले पाहिजेत.

मग करायचे काय? नवी योजना नको, आहे तीच नीट चालवावी. दर वर्षी मे महिन्यात प्रत्येक आरोग्य केंद्राने जून ते ऑक्टोबरमध्ये प्रसूत होणाऱ्या, रस्ता तुटणाऱ्या गावांतल्या प्रत्येक बाईची यादी करावी आणि तिच्यासोबत कोण येणार, मुले कोण सांभाळणार, हे नावानिशी ठरवावे. पुराच्या भागात मुक्काम चार-पाच दिवसांवर न थांबवता दोन-तीन आठवड्यांपर्यंत वाढवता यावा. बुडीत मजुरी नंतर कधीतरी खात्यात जमा होण्यापेक्षा बाई घरी परतण्याआधीच तिच्या हाती पडावी. सगळी लहान मुले आईसोबत येऊ द्यावीत. स्वयंपाकाचे काम स्थानिक बचत गटाला द्यावे आणि त्यांचे बिल दर महिन्याला चुकते करावे. ताटात तिच्या गावचे अन्न असावे. बोलायला तिच्या भाषेतली बाई असावी. बाळंतपणानंतर निदान ४८ तास तिला तिथेच ठेवावे, कारण धोक्याचे सर्वांत दाट तास तेच असतात.

दुसरी गोष्ट मोजमापाची. किती माहेरघरे बांधली आणि किती निधी खर्च झाला, हे अहवालात येते. रस्ता नसलेल्या गावांतल्या किती बाळंतिणी माहेरघरात आल्या आणि किती वाटेत किंवा घरी बाळंत झाल्या, हा आकडा तालुकावार फलकावर लावावा. ज्या दिवशी तो फलक ग्रामसभेत वाचला जाईल, त्या दिवसापासून चूल थंड पडायची थांबेल.

वाचकांसाठीही यात काही आहे. गरोदरपणात तीव्र डोकेदुखी, नजरेपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटका, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ताप, बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर तारखेची वाट पाहू नये. १०२ किंवा १०८ वर फोन करावा. दिवस राहिल्याची शंका येताच नोंदणी करावी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांत होणाऱ्या मोफत तपासणीचा लाभ घ्यावा. हे शहरातल्या बाईलाही तितकेच लागू आहे.

पूल बांधायला वर्षे लागतात, निविदा निघतात, फेरनिविदा निघतात. माहेरघरातल्या खाटेवर धुतलेली चादर घालायला, चूल पेटवायला आणि रोवणीच्या हंगामात एका घराची आठवड्याची मजुरी भरून द्यायला एवढे काही लागत नाही. यंदाही पाऊस आपल्या वेळेवर येईल आणि बाळेही आपापल्या वेळेवरच येतील. त्याआधी ती खाट तयार असली, तर बाज उचलायला चार माणसे शोधावी लागणार नाहीत.