वरून सरळ, बाजूने वाकडी

दाराची चौकट बसवण्याआधी जुना सुतार कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या दोऱ्या ताणतो. मधोमध दोऱ्या एकमेकींना टेकल्या तर चौकट ठीक. मध्ये फट राहिली तर चौकटीला पीळ आहे. गुण्या लावून चारही कोपरे बरोबर वाटले तरी दोऱ्या खोटे बोलत नाहीत. संगणकावर काढलेल्या नकाशाला मात्र अशी दोरी सहसा कोणी लावत नाही.

मध्य प्रदेशातल्या सौसरजवळचे बोरगाव हे औद्योगिक क्षेत्र. रेमंडचा कापड कारखाना इथलाच. २०२३मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा सौसर तालुक्याबरोबर बोरगावही नव्या जिल्ह्यात गेले. समजा, इथे एक छोटी शेड उभारायची आहे. जागेची मोजणी झाली आणि फाइल ड्राफ्ट्समनकडे आली. तिच्यात जमिनीच्या समोच्च रेषा आपापल्या खऱ्या उंचीवर बसवलेल्या असतात; जवळचे नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, इथली जमीनही तीनशेच्याच घरातली. ड्राफ्ट्समन भिंतीची रेषा शून्य उंचीवर सुरू करतो आणि दुसरे टोक नेमके एका समोच्च रेषेला ‘स्नॅप’ करतो, म्हणजे तिच्यावरच्या बिंदूला आपोआप चिकटवतो. वरून पाहिले तर रेषा जागच्या जागी. प्रत्यक्षात तिचे एक टोक शून्यावर आणि दुसरे तीनशे मीटर वर.

हा ढळढळीत दोष लवकर सापडतो, कारण दहा मीटरच्या भिंतीची लांबी तीनशेच्या पुढे दाखवली जाते आणि कोणीतरी दचकतो. खरा त्रास बारीक दोषाचा. त्याच दहा मीटरच्या रेषेचे टोक पाच सेंटिमीटर वर गेले, तर लांबी वाढते फक्त ०.१२५ मिलिमीटर. पायथागोरसचा हिशोब कोणीही करून पाहावा. लांबी मोजून हा दोष हाती लागणार नाही. तो लागतो आकृतीत हॅच, म्हणजे रेघांची भरण, भरेनाशी होते तेव्हा, चार रेषा जोडून एक आकृती होत नाही तेव्हा, किंवा स्केचअपमध्ये चारही कडा जुळलेल्या दिसूनही मधला पृष्ठभाग उमटत नाही तेव्हा. मग शिकाऊ मुलगा ती रेषा पुसतो, पुन्हा काढतो, पुन्हा त्याच बिंदूला स्नॅप करतो आणि शेवटी खापर सॉफ्टवेअरवर फोडतो.

इथे भाषेचाही थोडा हात असावा. सौसर-पांढुर्ण्याकडची अनेक मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदीतून भूमिती शिकतात. मराठी पाठ्यपुस्तकातले ‘प्रतल’ हिंदीत ‘समतल’ होते. मराठी कानाला समतल म्हणजे सपाट, आडवी जमीन. प्रतल मात्र उभे असू शकते, छपरासारखे तिरपेही असू शकते. अट एवढीच की त्यातल्या कोणत्याही दोन बिंदूंना जोडणारी रेषा पूर्णपणे त्याच्यातच असली पाहिजे. ‘रेषा सपाट दिसते ना?’ आणि ‘रेषा प्रतलात आहे ना?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वर्गात दुसरा प्रश्न क्वचितच ऐकू येतो.

ड्रॉइंग बोर्डवर हा घोळ होऊच शकत नव्हता, कारण कागदाला उंची नव्हती. ती उंची माणसाला डोक्यात धरावी लागे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये गास्पार मोंझने एकाच वस्तूची दृश्ये दोन प्रतलांवर पाडून तिचा आकार नेमका पकडण्याची रीत बसवली. किल्ल्यांच्या बांधणीला ती इतकी उपयोगी होती की तिथल्या लष्कराने ती बरीच वर्षे गुप्त ठेवली. आयटीआयच्या दोन वर्षांच्या ड्राफ्ट्समन ट्रेडमध्ये आजही तेच प्रक्षेपण शिकवले जाते. दोन-तीन महिन्यांच्या कॅड क्लासमध्ये मात्र त्याला वेळ उरत नाही. तिथे मुलगा कमांड पाठ करतो, आणि पडद्यामागची खोली त्याला न विचारता त्याच्या रेषेत शिरते.

दोष शोधायला फार विद्या लागत नाही. फळीची धार पाहताना सुतार एक डोळा मिटून ती डोळ्यासमोर आडवी धरतो. तसेच नकाशाही वरून न पाहता अगदी बाजूने पाहावा. सगळ्या रेषा एकाच धारेत मिटल्या पाहिजेत. एखादी वर-खाली दिसली की चोर सापडला. ऑटोकॅडमध्ये ‘लिस्ट’ कमांड प्रत्येक टोकाचा झेड आकडा, म्हणजे उंची, सांगते. दशांशानंतर दोनच स्थळे दाखवत असतील तर ०.००४ची चूक शून्य म्हणून मिरवते, म्हणून तिथे आठ स्थळे चालू करावीत. फ्यूजनमध्ये ‘थ्री-डी स्केच’चा पर्याय नकळत चालू राहिला आहे का, ते आधी पाहावे. स्केचअपमध्ये रेषा ओढताना बाणाच्या कळीने अक्ष बांधून घेतला की ती मनाने भटकत नाही.

दुरुस्तीची मात्र घाई नको. ‘फ्लॅटन’ चालवून सगळे एका फटक्यात शून्यावर आणणे हा सर्वांचा आवडता उपाय आहे, आणि तो धोक्याचा आहे. छपराचा पाच मीटरचा तिरपा रॅफ्टर तीन मीटर चढत असेल, तर सपाट केल्यावर तो चार मीटरचा होतो. त्या मापाने लोखंड कापले तर जागेवर एक मीटर कमी पडेल. कोणती रेषा चुकून वर गेली आणि कोणती मुद्दाम वर आहे, हे ठरवणे कमांडच्या आवाक्यातले नाही.

सगळा दोष शिकाऊंच्या माथी मारणेही बरोबर नाही. ऑटोकॅडमध्ये ओस्नॅप-झेड नावाची एक सोय आहे. तिचा आकडा १ केला की स्नॅप कोणत्याही उंचीचा असो, बिंदू चालू प्रतलावरच उतरतो. सॉफ्टवेअरमध्ये मुळात तो आकडा ० असतो. त्रिमितीत काम करणाऱ्यांना ते सोयीचे असेल. पण प्लॉट, शेड आणि गाळ्यांचे द्विमितीय नकाशे काढणाऱ्यांसाठी हे म्हणजे घराला कडी असूनही ती न लावता झोपण्यासारखे आहे. हा आकडा फाइलमध्ये जतन होत नाही, म्हणून लहान कार्यालयांनी आणि क्लासवाल्यांनी प्रत्येक वेळी ऑटोकॅड सुरू करताना तो बदलून घ्यावा. मोजणीच्या फाइली नकाशात तशाच उघडण्याऐवजी संदर्भ म्हणून वेगळ्या जोडाव्यात.

क्लासच्या शेवटच्या परीक्षेत आज बहुधा तयार चित्र देऊन ‘हे काढा’ असे सांगतात. त्याऐवजी मुद्दाम पिळलेली एक फाइल द्यावी: वरून निर्दोष, आत सात-आठ बिंदू वर-खाली, आणि त्यातले दोन खरोखरच वर असायला हवेत असे. कोणते दोन, हे मुलाने शोधून कारणासह सांगावे. अशी फाइल बनवायला शिक्षकाला अर्धा तासही लागणार नाही.